वालधुनीत बुडवलेली क्रूझर

चहा यायच्या आत सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर तुम्ही हसाल, चहा नाकात जाईल आणि दोष पुन्हा माझ्यावर येईल. आधीच काय कमी दोष आहेत माझ्या नावावर! पण हा जो घोटाळा मी घालून ठेवला ना, तो अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत गाजला हो!

बावन्न-त्रेपन्न सालची गोष्ट. मी अंबरनाथला लष्करी कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. स्टेशनजवळच्या चाळीत एक खोली, जेवण राधाकाकूंच्या खानावळीत. वय तिशीचं, बिनलग्नाचा, आणि स्वभाव भित्रा. भित्रा म्हणजे किती? तर पोस्टमनने नुसतं ‘दामले!’ म्हणून हाक मारली की कोण वारलं असेल याचा मी जिना उतरता उतरता अंदाज बांधायचो.

आणि अशा माणसाला छंद कसला? तर युद्धनौका बांधण्याचा!

हसू नका. खऱ्या नव्हे, लाकडी. पण अगदी मापात, सोळा फुटांना एक इंच या प्रमाणात. लहानसहान दोन-चार बोटी झाल्या होत्या, आता मी आपल्या आरमाराची ‘दिल्ली’ क्रूझर करायला घेतली होती. तुम्हाला ठाऊक आहे का, ही आपल्याकडे आली ती वापरलेली. त्याआधी ती न्यूझीलंडच्या खलाशांकडे होती, आणि महायुद्धाच्या सुरुवातीला दक्षिण अमेरिकेजवळ तिने आणि तिच्या दोन जोडीदार क्रूझरांनी मिळून एका अगडबंब जर्मन युद्धनौकेला बंदरात पिटाळलं होतं. गंमत पुढेच आहे. बाहेर इंग्रजांचं भलंमोठं आरमार टपून बसलंय अशी त्या जर्मन कप्तानाची समजूत करून देण्यात आली. प्रत्यक्षात बाहेर तसं काही नव्हतं. पण त्या बहाद्दराने घाबरून आपली चालती बोट आपणच बुडवली! हा प्रसंग मी खानावळीत रंगवून सांगायचो आणि त्या कप्तानाला यथेच्छ हसायचो.

लाकूड मी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या लछमनदासकडून आणायचो. फाळणीनंतर सिंधहून आलेला माणूस, देवदारी खोक्यांच्या फळ्यांपासून पाट, पलंग, काय वाटेल ते करायचा. मला बोटीचा सांगाडा रंधून द्यायचा आणि विचारायचा, “साईं, इस में बैठेगा कौन?” लष्कराच्या जुन्या सामानातली एक दुर्बीणही त्यानेच मला मिळवून दिली.

दुर्बीण कशाला? अहो, तिथेच तर सगळी गोम आहे! मासिकातल्या जुन्या फोटोत या क्रूझरला तोफांचे चार फिरते बुरूज दिसत होते, दोन पुढे, दोन मागे. पण कुणीतरी म्हणालं, मागचा एक लढाईत बॉम्ब पडून निकामी झाला, तो काढून टाकलाय. मग मी काय करावं? तीन बसवावे की चार? झोप लागेना! शेवटी एका रविवारी मुंबईला अपोलो बंदरावर गेलो, क्रूझर नांगरून उभी होती, आणि दुर्बीण लावून तोफा मोजल्या. हातातल्या कागदावर चित्रही काढलं. बुरूज तीनच होते. जिवात जीव आला. मागे वळतो तर एक पोलीस माझ्याकडे टक लावून बघतोय.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. लष्करी कारखान्यातला माणूस, दुर्बीण, युद्धनौका, तोफांची मोजदाद! आणि घरी काय? त्याहून भयंकर! आमच्या कारखान्याचा नियम असा, की गेटातून टाचणीसुद्धा बाहेर न्यायची नाही. पण मापं घ्यायला यंत्रांपाशी उभा राहिलो की पितळेचा बारीक कीस माझ्या पँटच्या खालच्या दुमडीत अडकायचा. सुरुवातीला आपोआप अडकायचा. पुढे पुढे मीच जरा जास्त वेळ उभा राहायला लागलो. क्रूझरचे कठडे आणि डोलकाठीवरच्या तारा, सगळं त्या किसाचं होतं!

तर एका संध्याकाळी आमटी वाढता वाढता राधाकाकू म्हणाल्या, “काय रे दामल्या, काय उद्योग करून ठेवलायस? एक गृहस्थ तुझी माहिती विचारत आले होते.”

माझा घास तोंडातच राहिला. “कसली माहिती?”

“सगळीच. घरी किती वाजता येतो, खोलीवर कोण येतं-जातं, दारूबिरू पितो का. अंगावर काही डाग आहे का, तेसुद्धा विचारलं.”

डाग! म्हणजे ओळखीची खूण! वॉरंटात लिहितात ना, तशी!

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“खरं तेच सांगितलं. मुलगा अगदी गरीब. कुणाच्या अध्यात ना मध्यात. उल्हासनगरच्या सिंधी सुताराकडून लाकूड आणतो, संध्याकाळी दार लावून आत ठोकठोक करत बसतो, कुणाला आत घेत नाही. फार तर मुंबईला जातो, दुर्बिणीतून बोटी बघतो.”

घ्या! माझ्या बाजूने इतकी जोरदार साक्ष अजून कुणी दिली नसेल!

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर शिंदे वॉचमनने मला बाजूला घेतलं. “साहेब, येक जन तुमचं इचारत हुता. काळी टोपी, पांढऱ्या मिशा, ताठ चालनं. नोकरी पक्की हाय का कच्ची, बदली हुती का, चष्म्याचा नंबर किती, असं बरंच काय काय.”

आता तुम्हीच सांगा, माणसाने यातून काय समजायचं? मी समजलो ते असं: कच्ची असेल तर नुसतं काढून टाकतील, पक्की असेल तर रीतसर खटला. आणि चष्म्याचा नंबर? किनाऱ्यावरून मला बोट कितपत स्पष्ट दिसली असेल, त्याचा हिशेब!

तसाच सायकल मारत उल्हासनगरला गेलो. लछमनदास रंधा बाजूला ठेवून म्हणाला, “आया था साईं, बुढ्ढा आया था! पूछता था, दामले इतना लकडी का क्या करता है. मैं बोला, लडाई का जहाज बनाता है, एकदम असली माफिक!”

“अरे, असली कशाला म्हणालास बाबा!”

“तारीफ किया ना साईं! बुढ्ढा तो एकदम खूश हो गया.”

खूश होणारच! पुरावाच हातात आला होता त्याच्या!

डोळ्यांपुढे ठाण्याचा तुरुंग दिसायला लागला. गावाकडे आई होती, माझ्या मनिऑर्डरवर तिचं चाललेलं. नोकरी गेली तर तिने काय खावं? ‘देशद्रोह्याची आई’ म्हणून विहिरीवर पाणी कुठल्या तोंडाने भरावं? खरं सांगतो, मला रडू कोसळलं. मग डोळे पुसले आणि ठरवलं, पुरावा नष्ट करायचा.

शनिवारी दिवेलागणीला क्रूझर धोतरात गुंडाळली आणि छातीशी धरून शिवमंदिराशेजारच्या वालधुनीवर गेलो. नुकताच पावसाळा संपलेला, नदीला पाणी होतं. काठावर एक बाई भांडी घासत होती. माझ्या हातातलं ओझं बघून म्हणाली, “अवो, गनपती कवाच गेले की!”

मी म्हणालो, “आमचा उशिराचा असतो.”

ती जाईपर्यंत थांबलो आणि क्रूझर पाण्यात सोडली. आणि काय सांगू! ती तरंगली हो! आजवर मी तिला कधी पाण्यात घातली नव्हती. कुठे कलणं नाही, झुकणं नाही. तिन्ही बुरूज रोखून, पितळी कठडे चमकवत, अशी काही डौलात निघाली की माझी छाती अभिमानाने भरून आली. मग आठवलं की आपण तिला बुडवायला आलोय.

ती बुडेना! काठीने दाबली, पुन्हा वर. शेवटी धोतरात धोंडे बांधून तिच्या गळ्यात अडकवले, तेव्हा कुठे डोहात गेली. चार बुडबुडे आले. त्या जर्मन कप्तानाला मी किती हसलो होतो! त्याला निदान शत्रूच्या तोफा तरी ऐकू आल्या होत्या. मला एका म्हाताऱ्याच्या टोपीनेच लोळवलं. घरी येऊन दुर्बीण कोळशाच्या पोत्यात पुरली, नकाशे बंबात घातले आणि पँटची दुमड उसवून टाकली.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. उघडतो तर काळी टोपी, पांढऱ्या मिशा, ताठ मान!

“दामले आपणच? मी सरपोतदार. बसू का?”

बसले. मी चहा केला. साखर घातली का ते आठवेना, म्हणून पुन्हा घातली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, कोपऱ्यातसुद्धा वाकून बघितलं.

“आपण युद्धनौका बांधता असं ऐकलं.”

“छे! मी? नाही हो.”

“तो सिंधी सुतार तर म्हणत होता.”

“ते... ते माझं नाही. मेहुण्याचं आहे.”

ते चमकले. “मेहुण्याचं? पण तुम्हाला बहीण नाही, असं मला कळलंय.”

बघा! खानदानाची सगळी कुंडली यांच्याकडे आधीच! आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

“बायकोचा भाऊ,” मी म्हणालो.

कप त्यांच्या ओठांपाशीच थांबला. “तुमचं लग्न झालंय?”

“झालंय ना! केव्हाच! दोन मुलं आहेत.” बायकापोरांचा माणूस आहे म्हटल्यावर सरकारला जरा दया येईल, असं वाटलं मला. “बायको माहेरी असते. तिसऱ्या खेपेला गेलीय.”

सरपोतदार उठले. चहा अर्धा तसाच. दारात वळून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन्ही हात पुढे केले. मला वाटलं, बेड्या घालतायत! ते जिना उतरून गेले.

दुपारच्या गाडीने बदलापूरची आत्या येऊन थडकली. दारातूनच तिचा आवाज सबंध चाळीत घुमला, “मेल्या, लग्न कधी केलंस? दोन पोरं झाली, तिसरं वाटेवर आहे, आणि आम्हाला बारशाच्या घुगऱ्याही नाहीत?”

मग एकेक उलगडा झाला. आत्याने मला न सांगता माझी पत्रिका सरपोतदारांकडे दिली होती. त्यांची धाकटी मुलगी, मॅट्रिक झालेली, पेटी वाजवणारी. पत्रिका जुळली, तेव्हा वडील रीतीप्रमाणे मुलाची माहिती काढायला निघाले. प्रत्येक मुलीचा बाप काढतो तशीच, हो! निर्व्यसनी आहे का, नोकरी पक्की आहे का, अंगावर कोडाचा डाग नाही ना.

“आणि तुला माहीत आहे का, ते कोण आहेत?” आत्या म्हणाली. “जन्मभर मुंबईच्या गोदीत आगबोटींची दुरुस्ती केलेला माणूस! पोरगा ‘दिल्ली’ क्रूझर बांधतो हे ऐकून वेडे झाले होते रे. मला म्हणाले, पसंतीचं बायका बघतील, मी आधी ती बोट बघून येतो. पुढच्या रविवारी जावयाला खऱ्या बोटीवर नेऊन आतून दाखवायची, असं सगळं ठरवून बसले होते!”

खऱ्या क्रूझरवर! आतून! तो पोलीस बघत असता आणि मी ऐटीत सासऱ्यांबरोबर शिडी चढलो असतो!

आत्या बिचारी त्यांच्याकडे जाऊन खरं ते सांगून आली. मी अविवाहित आहे, हे त्यांना पटलं. मला ते सीआयडी वाटले, यावर ते हसलेसुद्धा म्हणे. मग त्यांनी विचारलं, “बरं, मग बोट कधी दाखवता?” आत्याने सांगितलं, बोट नदीत बुडवली. त्यावर ते माझी पत्रिका आत्यापुढे सरकवून एवढंच म्हणाले, “नको. आमच्या मुलीला पाण्याची भीती आहे.”

ते स्थळ गेलं. दुसरंही येईना, कारण माझ्या दोन मुलांची बातमी राधाकाकूंच्या खानावळीतून अख्ख्या अंबरनाथात पसरली होती. मी शपथा घेऊन सांगायचो, लोक डोळे मिचकावायचे.

शेवटी बदलापूरच्याच एका सज्जन घराने मला मुलगी दिली. मांडवात जेवणाची पंगत बसली. एवढ्यात राधाकाकू वधूच्या पानापाशी आल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “सूनबाई, मन मोठं ठेव हो. त्याच्या दोन्ही पोरांना सांभाळून घे!”

सगळी पंगत थांबली. शे-दीडशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. आणि तुम्हाला सांगतो, माझी जीभ अशा वेळी माझं ऐकतच नाही. मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, “ती माझी नाहीत! मेहुण्याची आहेत!”

माझा मेहुणा, ज्याचा आदल्याच आठवड्यात साखरपुडा झाला होता, जिलब्यांचं ताट घेऊन समोरच उभा होता. आणि त्याचे होणारे सासरे माझ्या शेजारच्याच पाटावर.