बर्गेविरोधी द्रव, एक बाटली

संशोधन करणाऱ्यांकडे रिझल्ट कमी आणि किस्से जास्त असतात. कारण सरळ आहे. प्रयोग जमला की त्याचा पेपर होतो आणि फसला की किस्सा होतो. आता आमच्या लॅबमध्ये किस्से किती साठलेत ते मी सांगत नाही, कारण हे मॅडम वाचतील!

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत आमची लॅब आहे. माणसं मोजकीच. मॅडम, म्हणजे आमच्या बॉस. वैशाली, नामपूरची, पीएचडी करते. सागर, सायखेड्याचा, एमएस्सी करून प्रोजेक्टवर लागलेला. आणि मी, मॅडमनंतरची सगळ्यांत सीनियर, त्यामुळे टोमणे मारायचं खातं माझ्याकडे.

काम काय करतो ते एकदाच सांगते, मग कटकट नाही. माझ्या माहेरी गाद्या-रजयांचा ढीग आहे आणि त्याच्याखाली ट्रंक. ट्रंकेतलं काही हवं असेल तर आधी कुणालातरी गाद्या सरकवाव्या लागतात. पेशीतला डीएनए असाच गुंडाळून, दाबून ठेवलेला असतो, आणि त्यातला हवा तो भाग उघडा करायला पसारा सरकवणारं एक जाडजूड प्रोटीन असतं. त्याचं नाव बीआरजी-वन. वैशालीची अख्खी पीएचडी ह्या हमालावर.

हे प्रोटीन डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याला नेमकं ओळखून चिकटणारी अँटीबॉडी विकत आणायची. ती चिकटली की मशीनच्या स्क्रीनवर एक काळी रेघ उमटते. तिला आम्ही बँड म्हणतो. बँड आला तर प्रोटीन आहे, नाही आला तर नाही. इतकं सोपं! निदान पहिल्या दिवशी तरी तसंच वाटतं.

*

वैशालीची जुनी अँटीबॉडी फार गुणी होती. जिथे लावू तिथे बँड द्यायची. पाहुणे यायचे, "वा, काय सुंदर!" म्हणायचे. मॅडमना मात्र ते सौंदर्य खुपायला लागलं. त्यांनी ओळखीच्या एका लॅबमधून बीआरजी-वन मुळातूनच काढून टाकलेल्या पेशी मागवल्या. त्यात हे प्रोटीन नाहीच, तेव्हा बँड यायचा प्रश्नच नाही.

आला की! आणि चांगला ठसठशीत.

म्हणजे ह्या अँटीबॉडीबाई दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोटीनला चिकटून बसत होत्या आणि आम्ही इतकी वर्षं टाळ्या वाजवत होतो. वैशाली खुर्चीत बसली ती बसलीच. थिसिस जमा करायची मुदत जवळ आलेली, आणि आता नवी अँटीबॉडी आणून सगळं पहिल्यापासून सिद्ध करायचं. प्रोटीन असेल तिथे बँड, नसेल तिथे कोरं. ते कोरं मिळालं तर थिसिस, नाहीतर पीएचडी बुडाली. "ताई, आबांना काय सांगू?" एवढंच ती म्हणाली. आबा म्हणजे तिचे वडील. मला तिची फार दया आली. टोमणासुद्धा सुचला नाही, ह्यावरून समजा.

मॅडमनी अँटीबॉडी विकणाऱ्या माणसाला बोलावून घेतलं. टाय लावलेला, हसतमुख. त्याने दोन्ही चित्रं नीट पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, ह्यात प्रॉब्लेम काय आहे? आमची अँटीबॉडी इतकी पॉवरफुल आहे, प्रोटीन नसलं तरी बँड देते!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग आमची गरजच काय? तुमच्या बाटलीलाच पीएचडीला बसवा!"

*

नवी, दुसऱ्या जातीची अँटीबॉडी मागवायची ठरली. संस्थेच्या संचालकांची मंजुरी हवी, आणि सभेपुढे जाणारी सगळी टिपणं मराठीत. ती टाइप करतात ऑफिसातले भाऊसाहेब. माणूस कामाला चोख, पण मराठीचा कडवा अभिमानी.

मॅडमनी इंग्रजीत लिहिलं होतं अँटी-बीआरजी-वन. भाऊसाहेबांनी ती अक्षरं जोडून वाचली आणि ते सरळ लॅबमध्येच आले. दार लावून घेतलं. दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, बर्गे साहेबांच्या विरोधात संस्थेत एक गट आहे हे मला माहीत होतं. पण तुम्हीसुद्धा?"

संस्थेच्या संचालक मंडळात बर्गे नावाचे एक गृहस्थ आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं! मॅडमनी भाऊसाहेबांना प्रोटीन समजावलं, पसारा सरकवणं समजावलं. भाऊसाहेब मान डोलवत होते. आम्हाला वाटलं, समजलं.

सभेत टिपण वाचलं गेलं: "जीवशास्त्र विभागासाठी बर्गेविरोधी द्रव, एक बाटली."

मॅडम सांगतात, त्यांना खुर्चीखाली जावंसं वाटलं. बर्गे साहेबांनी चष्मा काढला, सगळ्या टेबलावरून सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले, "एकच? एवढ्यात भागणार नाही ह्यांचं. दोन मागवा."

मंजूर! त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये बीआरजी-वनला कुणी बीआरजी-वन म्हणत नाही.

*

बाटल्या आल्या त्या दिवशी नेमके आम्ही सगळे सेमिनारला. कुरिअरवाल्याने वॉचमन काकांकडे थर्मोकोलचा खोका दिला. खोक्यावर थंड ठेवा असं मोठं लाल स्टिकर. काका हुशार, त्यांनी उन्हात ठेवला नाही. कॅन्टीनच्या फ्रीजरमध्ये ठेवला, कुल्फीच्या मागे!

संध्याकाळी कळल्यावर वैशाली जी पळत सुटली, तिची एक चप्पल जिन्यातच राहिली. उन्हाळ्याचे दिवस, पोरं सारखी कुल्फीला येणार, दर वेळी झाकण उघडणार. तिच्या पीएचडीचं सगळं नशीब मावा आणि पिस्त्याच्या मध्ये पडलेलं.

कॅन्टीनवाल्या मावशींनी तिची अवस्था पाहिली. तिला आधी पाणी दिलं, मग खोका काढून हातात ठेवला आणि धीर देत म्हणाल्या, "घाबरू नको गं. दोन पोरांनी इचारलं व्हतं, नवीन फ्लेवर हाय का म्हनून. पन मी नाय इकला!"

अँटीबॉडीला काही झालं नव्हतं. बर्फाच्या पिशव्या अजून टणक होत्या. मॅडमनी तरी दोन्ही बाटल्यांना नमस्कार केला. विज्ञाननिष्ठ बाई आहेत, पण नमस्काराला काय जातं?

*

अँटीबॉडी लावण्याआधी ज्या कागदासारख्या पडद्यावर प्रोटीन उतरवलेलं असतं, तो दुधात भिजवून ठेवतात. म्हणजे अँटीबॉडी उगाच मोकळ्या जागेत चिकटत नाही. त्यासाठी साय काढलेल्या दुधाची पावडर लागते. ती संपली होती. सागर म्हणाला, "ताई, आनतो की दुकानातून. दूध ते दूधच!"

त्याने आणली चहाची पावडर, म्हणजे चहात घालायची दुधाची, साखर मिसळलेली. सागरने भिजवलं, पडदा डब्यात घातला, डबा हलवायच्या मशीनवर ठेवला आणि तो जेवायला गेला. परत येऊन बघतो तर टेबलाच्या पायापासून डब्यापर्यंत मुंग्यांची रांग! काही वरच्या वर डुलत होत्या, काही पडद्याच्या एका कोपऱ्यात घट्ट जमलेल्या.

मॅडम कंबरेवर हात ठेवून उभ्या. वैशाली रडकुंडीला आलेली. मला वाटलं, आता सागरची धडगत नाही. सागर वाकून त्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्याडम, एवढे दिवस आपल्याला नाय सापडला. मुंग्यांना सापडला बर्गे!"

मॅडम आधी हसल्या, मग ओरडल्या. हा क्रम आमच्याकडे फार कमी वेळा घडतो.

*

दूध बदललं, पडदा बदलला, तरी बँड येईना. जिथे यायला हवा त्या साध्या पेशींतही येईना! आधीची बाटली सगळीकडे द्यायची, ही कुठेच देईना. वैशालीचं जेवण कमी झालं. डब्यातली भाकरी सागर खायचा, तो मात्र भरत चालला.

अशात तिच्या आबांचा फोन आला. नामपूरला त्यांचा कांदा आणि डाळिंब, बोलणं अस्सल अहिराणी वळणाचं. फोन स्पीकरवर होता, कारण वैशालीच्या हातात ग्लोव्ह्ज. आबांनी विचारलं, "काय वं, आवाज का बारीक शे तुन्हा?"

वैशाली वैतागून म्हणाली, "काय सांगू आबा, सगळी तयारी झाली, पण बँडच येत नाही!"

पलीकडून आबा काळजीने म्हणाले, "कोनं लगीन शे?"

आम्ही तोंडावर हात दाबले. वैशालीला हसावं की रडावं कळेना. "लग्न नाही आबा, इथला बँड! आज पण नाही आला!"

"ते नाशिकवाला तसाच ऱ्हातस," आबा ठामपणे म्हणाले. "तू टेन्शन नको लेऊ. आपला नामपूरना बँड धाडस मी. सांगं, किती वाजता लागस?"

फोन ठेवल्यावर मॅडमसकट आम्ही सगळे इतके हसलो की शेजारच्या लॅबमधली माणसं बघायला आली. हसून हसून डोकं मोकळं झालं असावं, कारण सागर डोळे पुसत म्हणाला, "ताई, बर्गे लय जाड हाय ना? उठून पडद्यावर यायला त्याला टाइमच पुरत नसंल."

बरोबर होतं! प्रोटीन आधी जेल नावाच्या लिबलिबीत थरात वेगळी करतात, आणि मोठं प्रोटीन त्यातून पडद्यावर उतरायला वेळ घेतं, आणि आम्ही घाई करत होतो. खरं तर हे पुस्तकातच लिहिलंय आणि आम्ही तिघींनी ते वाचलेलंही होतं. पुढचा पडदा कोल्ड रूममध्ये सावकाश उतरवला आणि साध्या पेशींत बँड आला. एकच, सरळ, जिथे हवा नेमका तिथे. मॅडम म्हणाल्या, "आता खरी परीक्षा." म्हणजे प्रोटीन नसलेल्या पेशी.

*

त्या परीक्षेच्या दिवशी आबा स्वतः नाशकात होते. बँड घेऊन नाही, डोळे तपासायला. गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत औषध घालून पाठवलं होतं, त्यामुळे काळा गॉगल लावून ते लॅबमध्ये कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. वैशालीने त्यांना सांगून ठेवलं होतं, "आबा, आज जमलं तर मी पास. नाही जमलं तर मला काही विचारू नका."

मशीनने फोटो काढला. डावीकडे साध्या पेशी, उजवीकडे बर्गे नसलेल्या. स्क्रीनवर डावीकडे हळूहळू काळी रेघ उमटली. उजवीकडे काही नाही. वैशालीने फोटो आणखी गडद केला. डावीकडचा बँड जाड झाला. उजवीकडे कोरं!

सागरने उडी मारली. मॅडमनी त्याला हवेतच थांबवलं. "थांबा! उजवीकडे कोरं आहे की पेशींचा माल भरायचाच राहिलाय?"

प्रश्न वाजवी होता. दोन्हीकडे सारखाच माल भरलाय का हे दाखवायला एका नेहमीच्या प्रोटीनचा बँड बघतात. तो बघितला. डावीकडे एक, उजवीकडे एक, अगदी जुळे भाऊ! म्हणजे माल होता, बर्गे तेवढे नव्हते. अँटीबॉडी खरं बोलत होती.

मग काय विचारता! वैशाली मॅडमच्या गळ्यात पडून रडायला लागली, मॅडम तिला थोपटता थोपटता स्वतःच रडायला लागल्या, आणि मीसुद्धा, कबूल करते, बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. सागर धावत जाऊन पेढे घेऊन आला. भाऊसाहेब आले, कॅन्टीनच्या मावशी आल्या, शेजारची लॅब आली. वैशालीने आबांना हाताला धरून स्क्रीनपुढे आणलं.

"आबा, हे बघा. इथे उजवीकडे. काय दिसतं?"

आबांनी गॉगल काढला. डोळे बारीक केले, मोठे केले, पुढे झुकले, मागे झाले. मग ओशाळून म्हणाले, "माले ते काहीच दिसत नही, पोरी."

"तेच तर आबा!" वैशाली ओरडली. "तिथे काहीच नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बर्गेंचा जयजयकार झाला. आबांनी पुन्हा एकदा स्क्रीनकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, पेढा तोंडात टाकला, खिशातून फोन काढला आणि नामपूरला वैशालीच्या आईला लावला. ऊर भरून आला होता त्यांचा, आवाज सगळ्या मजल्याला ऐकू जात होता.

"आवं, ऐकं का! पोरनं काम व्हयी गये! काहीच सापडनं नही! बठ्ठा जन पेढा खाई ऱ्हायनात!"

पलीकडून आईने काहीतरी विचारलं. आबा चिडले.

"नही वं, मन्हा डोळास्ना काय संबंध? तठे खरंच काही नही शे!"