मंजुळाच्या झालरीची कड

तीस वर्षं मंजुळाने लालबागच्या चाळीत साड्यांना फॉल-बीडिंग केलं, ब्लाउज शिवले, परकर शिवले. आणि आता पंचावन्नाव्या वर्षी तिच्या हाती चक्क नाटकातल्या मडमेचा गाऊन शिवायला आला! अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणा गोऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोचा. प्रयोग रविवारी दादरला. मंजुळाबाईंचे पाय जमिनीवर नव्हते, आणि का असावेत?

गुरुवारी नाटकाची वेशभूषा सांभाळणारी मेघना गाऊन बघायला आली. गळा, बाह्या, घेर, सगळं पसंत. झालरीपाशी मात्र तिचा हात थांबला. मंजुळाने हौसेने झालरीच्या दोन्ही कडांना मशीनवर बीडिंग मारलं होतं, चांगलं वीस मीटर.

"मावशी, हे चालणार नाही हो. तेव्हा मशीनच नव्हतं ना! झालरीची कड नुसती दातेरी कातरलेली असायची. लाइटमध्ये हा दोरा चमकेल. शनिवारपर्यंत जमलं नाही, तर मला भाड्याचा गाऊन आणावा लागेल."

"अगं, कड उघडी ठेवू? लोक म्हणतील, मंजुळाने काम अर्धवट टाकलं!"

पण भाड्याचा गाऊन म्हटल्यावर तिला झोंबलं. मेघना गेल्या गेल्या तिने झालर उसवली आणि झिगझॅग कात्री काढली. कात्रीने सुती कापड कापलं कुठे, नुसतं चावलं. चावणारच! दर गणपतीत मंडळाची पोरं मखराचे कागद कापायला तीच कात्री नेत, आणि बाप्पाच्या कामाला मंजुळा नाही म्हणणार कशी? धारवाल्याने ते दाते बघून हात जोडले.

खाटेवरून तिचे वडील दत्तू सगळं बघत होते. म्हाताऱ्याचा जन्म मिलच्या सायझिंग खात्यात सुताला खळ देण्यात गेलेला. लेकीची प्रत्येक शिवण ते नखाने खरवडून बघत आणि सुटलेल्या टाक्यावर बोट ठेवून "हय सुटला" एवढंच म्हणत. कौतुक नावालाही नाही.

"कात्री कागद कापता मां?" ते म्हणाले. "मगे कापडाक खळ दी गो. कागदासारखा होतला."

मंजुळा उडालीच! लगेच तांदळाची पातळ कांजी शिजवली, झालरीच्या पट्ट्या बुडवल्या, गॅलरीतल्या दोरीवर वाळवल्या, कडक इस्त्री फिरवली. मग बीडिंगची कड कापून टाकत तिच्या आतून कात्री चालवली. करकर करकर दाते उमटत गेले, एकसारखे, आणि दोरा सुटायचं नाव नाही. "बाबा, बघा! बघा ना!" ती ओरडत सुटली. शनिवारी दुपारी झालर पुन्हा गाऊनवर चढली होती.

रविवारी प्रयोग रंगला. मेघना बापलेकींना पडद्यामागे घेऊन गेली. मडम झालेली पोरगी अजून गाऊनमध्येच होती. दत्तू काठी टेकत वाकले आणि झालरीच्या कडेवर नख घासू लागले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदाही.

धागा सुटला नाही. म्हातारा सरळ झाला आणि लेकीकडे बोट दाखवून त्या परक्या पोरीला म्हणाला, "ह्यो गाऊन माझ्या चेडवान शिवल्यान."

मंजुळाला नाचावंसं वाटलं, आणि पदर खोचून ती तिथेच दोन पावलं नाचलीही.