धुळा बायकोला विसरला तेव्हा

कासारसाईच्या धरणाकडेला मेंढरं राखण्यात तुकाबाईचा जन्म गेला. मेंढरू आजारी पडलं की ती त्याच्या चालीवरून ओळखायची, उपाय करायची आणि विषय सोडून द्यायची. यंदाच्या पावसाळ्याअखेरीस मात्र तिला आपला नवराच कळेनासा झाला.

जांबे गावात एका अर्धवट इमारतीशेजारच्या वावरात त्यांची मेंढरं बसली होती. तळघरासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी साचलेलं, डासांनी नुसता उच्छाद मांडलेला. तिच्या नवऱ्याला, धुळाला, हुडहुडी भरून ताप आला. तो बरळू लागला तशी तिने मेंढरं दिराच्या हवाली केली आणि त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. शिरेतून औषध सुरू झालं.

पुढच्या तपासणीत रक्तातले जंतू मेल्याचं डॉक्टर वैभवीने सांगितलं. तुकाबाईने हात जोडले. पण खाटेवरचा धुळा तिच्याकडे परक्यासारखा बघत होता.

"बाई, माजी बायकू कुटं गेली?"

"मीच की," ती म्हणाली. त्याने तोंड फिरवलं.

तिने पुन्हा वैभवीला गाठलं. वैभवीने समजावलं, की जंतू शिरले की शरीर आपणहून काही रसायनं सोडतं. ती ताप आणतात, रक्तातल्या पेशींना लढायला बोलावतात. त्यांच्याविना माणूस जगायचाच नाही. पण धुळाच्या अंगात ती फार सुटली होती आणि मेंदूला सूज आली होती.

"म्हंजी त्येचंच रगात त्येच्यावर उठलंय?"

"तसंच काहीसं, मावशी."

"मग त्येला आवरायचं औषिद द्या."

तसली औषधं याआधी रोग्यांना देऊन पाहिलीत, त्यांनी अपायच झाला, वैभवी म्हणाली. जंतूंचं औषध पुरं करायचं नि वाट बघायची.

तुकाबाई बाकावर येऊन बसली. राखण करणाराच घात करतो, आणि त्याला हाकलायचंही नाही? मग राग धरायचा कुणावर?

सूज हळूहळू उतरली. एका सकाळी ती दुधात भाकरी कुस्करत होती, तेव्हा धुळा म्हणाला, "तुके, मेंढरं कुणाकडं हायेत?" तिने सांगितलं आणि बाहेर जाऊन रडून घेतलं.

दिवाळीनंतर धुळाच्या पायात काटा मोडला. जागा लालभडक झाली, गरम लागू लागली. एवढ्याला काय होतंय, तो म्हणाला. तुकाबाई त्या गरम जागेवर हात ठेवून बसली. ही ऊब त्याला राखतेय की खातेय, तिला काही केल्या ठरवता येईना.