नाजूक कॉइलची सोयरीक

जळकी मोटर आणि बिनलग्नाचं पोर दिसलं, की आमच्या दाजींचे हात शिवशिवायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. राजारामपुरीत त्यांचं जळक्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. कोडोलीचा एखादा शेतकरी पंपाची जळकी मोटर घेऊन आला, की दाजी विचारायचे, "किती हॉर्सपॉवरची?" आणि त्याच दमात, "पोरगी कितवीला हाय?" मोटर न्यायला तो परत येईतो राधानगरीकडचं एखादं स्थळ तयार असायचं. "मी जोडलेलं तुटत न्हाय!" हे ते समोरच्या फुटपाथवरही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. विनय त्यांना ठाऊक नव्हता, आणि शोभलाही नसता.

मी त्यांचा धाकटा मेव्हणा. कापडाचा दुकानदार. गाण्याचा शौक मोठा, अक्कल बेताची. सत्तरचं दशक सरता सरता आखातातल्या मित्रानं मला रेकॉर्ड प्लेयरच्या सुईचं एक मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज आणून दिलं. त्यात सुईबरोबर हलणारी चिमुकली कॉइल असते. ती इतका क्षीण सूर देते, की अ‍ॅम्प्लिफायरला पत्ताच लागत नाही. मधे तो वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. हे मला कळेपर्यंत मी दोन्ही स्पीकर पालथे घालून झाडून पाहिले होते.

आणि तोवर बुवांना आमंत्रणही देऊन बसलो होतो. बुवा आमच्या गल्लीतले जुने गवई. घशाच्या दुखण्यात त्यांचं गाणं कायमचं गेलं होतं, बोलणंही कुजबुजीवर आलेलं. तरुणपणी निघालेली त्यांची एकच छोटी रेकॉर्ड होती. "मी गात होतो ते एकदा नीट ऐकव," ते म्हणाले होते. "हल्ली माझं मलाच खरं वाटंना झालंय."

मी दाजींकडे धावलो.

"किती पट वाढवायचा?" त्यांनी विचारलं.

"शंभर!"

"पावणं, वरातीचा कर्णा लावायचाय काय? धा पट बास की."

"तार संपली असंल तर तसं सांगा, दाजी."

मेव्हण्यानं असं डिवचल्यावर काय होणार? जुन्या परदेशी यंत्रातून काढून जपलेल्या लोखंडी पत्त्या त्यांनी बाहेर काढल्या आणि केसाहून बारीक तार गुंडाळायला घेतली. एरवी गल्ली दणाणून सोडणारा हा माणूस तार तुटू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होता. अक्का मला म्हणाली, "रोज येत जा बाबा. घर कसं शांत हाय बघ."

रविवारी बुवा आले. रेकॉर्ड लावली. आवाज आला! मी छाती काढून बसलो. बुवा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर उठले आणि चपला शोधू लागले.

"गाणारा बरा हाय," ते कुजबुजले. "पण त्यो मी न्हवं."

दाजींचा चेहरा पडला. हात जोडून ते म्हणाले, "बुवा, पुढच्या रविवारी परत या. माझ्यासाठी."

बुवा गेल्यावर त्यांनी मला फैलावर घेतलं. "तुझा मान राखला आन् बुवांचा घालवला. आरं, जितकं वाढवशील तितका भार उलटा त्या कॉइलवर येतोय. पोरगी नाजूक, नवी. पहिल्याच दिवशी तिच्यावर शंभर माणसांचा सैपाक टाकलास. ती भाकऱ्या थापंल का गोड बोलंल? सोयरीक सासरचा वाडा बघून करत न्हाईत, पोरगी बघून करत्यात!"

सगळे वेढे उसवून त्यांनी दहा पटीचा नवा ट्रान्सफॉर्मर भरला. गंमत म्हणजे आवाजात फारसा फरक पडला नाही. शंभर पटीतलं सगळं त्या ओझ्याखालीच जिरत होतं.

पुढच्या रविवारी रेकॉर्ड सुरू झाली, आणि तंबोरा पहिल्यांदाच खोलीत आल्यासारखा वाटला. बुवांनी सुपारी तोंडाकडे नेली होती. हात तिथंच थांबला.

"निषाद उतरला!" ते तडकले. "घाई! हितं मी कायम घाई करायचो. गुरुजी शिव्या घालायचे. परत लाव."

परत लावली. पुन्हा परत लावली. दर वेळी निषाद उतरला, आणि दर वेळी बुवा खूश होऊन मांडीवर थाप मारत राहिले.

दाजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी जोडलेल्या संसारांत नातवंडं खेळतायत. पण मला ते दिसतात ते त्या रविवारी, आमच्या दारात बुवांना निरोप देताना. बुवांनी त्यांचा खांदा धरला आणि कुजबुजले, "दाजी, मी गात होतो."

आणि आमचे दाजी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "व्हय बुवा! गात हुतासा!"