पोटातल्या लेकराची शप्पत

घरात कुणाला काही अडलं की सल्ल्याला माझ्याकडे यायचं, असा आमच्याकडे नियम होता. तो मीच केला होता. सरकारी दवाखान्यात नर्स असल्यावर माणूस तेवढा माज करतोच.

भूकंपात निलंग्याकडचं माझ्या धाकट्या भावाचं घर पडलं. तो आणि त्याची गरोदर बायको पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. भावजय तपासणीला लातूरला माझ्याकडे यायची. एकदा तिनं आपणहून सांगितलं, "अक्का, शेजारची म्हातारी रोज गुळात भांगेची गोळी देती. वारं सुटलं की पत्रा वाजतो, अन् मी उठून बाहेर पळते. गोळी खाल्ली की झोप लागती."

किती खातीस, झोपेसाठी दुसरं काही बघू का, एवढं तरी विचारावं! छे. मी स्टुलावरून उठलेच. "लाज वाटत न्हाई? ठेव पोटावर हात. घे लेकराची शप्पत, पुन्हा शिवणार न्हाई म्हून. अन् भांग खाणारीचं दूध इख होतंय, ध्यानात ठेव."

तिनं शप्पत घेतली. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "एका बैठकीत सोडवली बघा!"

"मग माझी तंबाखू का सुटंना?"

"तुमच्या पोटात लेकरू न्हाई."

त्यानंतर ती तपासणीला आली नाही. एसटी मिळाली नाही, पाय सुजलेत, असे निरोप यायचे. मी खुशाल खरे मानले. बाळंतपण शेडमध्येच झालं. मुलगी, इवलीशी. बारशाला मी टोपडं घेऊन गेले, तर म्हातारी पोरीला बोंडल्यानं पाणी घातलेलं बकरीचं दूध पाजत होती. "आईला दूधच न्हाई आलं," ती म्हणाली. भावजयीच्या झंपरावर दोन ओले डाग होते.

म्हातारी बाहेर गेल्यावर मी म्हणाले, "पाज की गं."

"कसं पाजू अक्का? तिसऱ्याच दिवशी शप्पत मोडली मी. तुमीच म्हनलात, इख होतंय."

माझा शब्द मी मागं घेतला नाही. पोरगी जुलाबानं दोनदा मरता मरता वाचली. तोवर आईचं दूध आटलं होतं.

पुढं लातुरात क्लासचं पीक आलं आणि तीच पोरगी डॉक्टर व्हायला माझ्या घरी राहू लागली. त्याच सुमारास दवाखान्यात आम्हाला एक प्रशिक्षण झालं. माझ्या लेकीच्या वयाची समुपदेशक सांगत होती, "भांग-गांजा सुटला तर उत्तमच. नाही सुटला तर किती, कधी, कशासाठी घेते ते विचारा. कमी करायला मदत करा. दुधाचं डॉक्टरांशी बोलून ठरवा. शपथा घालू नका. घाबरलेली बाई परत येत नाही." बाकीच्या नर्सा चहाची वाट बघत होत्या. मी वहीत सगळं उतरवून घेतलं, अक्षर चांगलं काढून.

त्या रविवारी भावजय डबा घेऊन आली. आम्ही तिघी जेवायला बसलो. क्लासात आईच्या दुधाचा धडा झाला होता. पोरीनं विचारलं, "आत्या, मग मी बकरीच्या दुधावर का वाढले?"

भावजयीनं माझ्याकडं बघितलं. मग भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मला दूधच न्हाई आलं, बाळा."

आणि मी, साऱ्या घराला सल्ला देणारी, खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले.