स्टॉप आणि ऑफ

सुप्याच्या कारखान्यात नव्या कामगारांना मशीन शिकवणं हे माझं काम. पहिल्याच दिवशी मी दोन शब्द घोटून घेतो, स्टॉप आणि ऑफ. लाल बटन दाबलं की मशीन स्टॉप होतं, पण त्यात वीज असते. कुणाचा धक्का लागला तरी पुन्हा फिरेल. मेन स्विच पाडून त्याला आपलं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली, की मग ऑफ. त्याआधी आत हात घालायचा नाही. लोक दोन्हीला ‘बंद’ म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. माझ्यामागे ते मला ‘कुलूपवाले सर’ म्हणतात. मला ते आवडायचंही.

मागच्या उन्हाळ्यात सुट्टी काढून कर्जतकडे गावी गेलो होतो. गोठ्यामागे वहिनी चारा कापायच्या विजेवरच्या कडबाकुट्टीत मका घालत होती. मध्येच लाईट गेली. आमच्याकडे अशा वेळी कुट्टीचं बटन कुणी पाडत नाही. ती घरघरली की लाईट आल्याचं घरात कळतं, तेवढीच सोय. लहानपणापासून मी हेच बघत आलोय. वहिनी पात्यापाशी अडकलेली मक्याची ताटं ओढायला वाकली. मी बाजेवर मोबाईल बघत पडलो होतो.

“भावजी, बंद हाय न्हवं?” तिनं विचारलं.

“बंद हाय,” मी म्हणालो. मान वरही केली नाही.

आणि लाईट आली.

वहिनीच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली. भावानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढे कितीतरी दिवस कारखान्यात शिकवायला उभा राहिलो की मला स्वतःची लाज वाटायची.

दिवाळीला जाताना लोखंडी पेटी आणि कुलूप घेऊन गेलो. कुट्टीचं बटन पेटीत बसवलं, किल्ली वहिनीच्या हातात दिली आणि सवयीनं तिला स्टॉप आणि ऑफमधला फरक सांगू लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. उरलेल्या बोटांनी किल्ली कमरेला खोचली.

“त्याला इंग्रजी कशाला पायजे, भावजी?” ती म्हणाली. “ती नुसती थांबली हुती. बंद कुनीच केली न्हवती.”