खांबाला लावलेला कान

पुलाच्या कामावर त्याला सगळे ‘कान’ म्हणत. “अहो कान!” अशी हाक आली की तोही निमूटपणे ओ द्यायचा. पण त्याच्यावाचून सगळ्यांचं घोडं अडायचं. नदीत लाकडी कुडांची दुहेरी गोल भिंत उभारायची, मधल्या फटीत चिकणमाती ठासायची, आतलं पाणी उपसायचं आणि उघड्या पडलेल्या गाळात खांब ठोकायचे. त्यांच्या माथ्यांवर मग दगडी पाया बसायचा. ठोकताना हा खांबाला कान लावून बसे. खाली गाळ असला तर घाव विरून जायचा, कातळ आला की टणकन परत यायचा. मग हा म्हणायचा, “लागला.” त्याच्या शब्दाशिवाय वरून दगड हलत नसे.

मागच्या हंगामात ती भिंत फुटली. आत त्याचा थोरला भाऊ होता. तो सापडलाच नाही. यंदा तोच खड्डा पुन्हा कोरडा केला होता.

शेवटच्या खांबाचा घाव टणकन परत आला. कातळ लागला, यात शंका नव्हती. पण पाठोपाठ खालून टकटक आली, आणि घाव थांबवले तरी थांबेना. 

“खणा इथे,” तो म्हणाला.

मुकादम भला माणूस. त्याने कातळापर्यंत खणून दिलं. गाळाखेरीज काही निघालं नाही. “कानाला आता कान हवा,” कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

माती वाहणारी वहिनी शिडीवरून खाली आली. नवऱ्याचा सदरा ती अजून रोज धुऊन वाळत घालायची. तिने खांबाला कान लावला, बराच वेळ.

“भाऊजी, खरं सांगा. काही ऐकू येतं का तुम्हाला?”

हो म्हटलं तर ही बाई जन्मभर या काठावरून उठणार नाही, हे त्याला कळत होतं.  

“नाही, वहिनी.” आणि वर बघून तो ओरडला, “लागला!”

“बरं,” ती म्हणाली. “म्हणजे मलाच येतंय.”

ती शिडी चढू लागली. तिला थांबवायला त्याने तोंड उघडलं, तोवर वरचे दोर सैल झाले होते आणि पहिला दगड खाली येत होता.